मोहम्मद रफी मराठी गातात

'चूल' हा शब्द मोठ्याने म्हणा. आता 'चिमणी' म्हणा. दोन्ही शब्दांत अक्षर एकच आहे, पण उच्चार वेगळे आहेत. चिमणीचा 'च' तुमच्या उर्दूत आहे; चुलीचा 'च' उर्दूत नाही. नांदूरघाटच्या बाजारात मराठी ऐकून ऐकून तुमचे कान तयार झालेले असतात, पण वर्गात उभे राहून वाचायची वेळ आली की जीभ अडखळते. कधी कोणी हसतेही. हाच 'च' एका फार मोठ्या गायकाला अडला होता. त्या गायकाचे नाव मोहम्मद रफी.

रफीसाहेबांचा जन्म 24 डिसेंबर 1924 रोजी पंजाबात, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंह या खेड्यात झाला. घरात गाण्याची परंपरा नव्हती. गावातून एक फकीर गात जात असे. लहानगा रफी त्याच्या मागे मागे फिरे आणि त्याची गाणी जशीच्या तशी म्हणून दाखवी. ऐकायचे आणि हुबेहूब म्हणायचे, हीच त्याची पहिली शाळा होती.

पुढे हे कुटुंब लाहोरला गेले. तिथे त्यांच्या थोरल्या भावाचे केशकर्तनालय होते. गिऱ्हाइकांची दाढी चाललेली असताना हा मुलगा गुणगुणत असे. त्याचा आवाज घरच्यांच्या ध्यानात आला आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ, पंडित जीवनलाल मट्टू, फिरोज निजामी अशा जाणकारांकडे त्याचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी कुंदनलाल सैगल यांचे नाव घरोघरी होते. लाहोरच्या एका जलशात वीज गेली, सैगल गाईनात, लोक गडबड करू लागले, तेव्हा लहान रफीला मंचावर उभे केले आणि ध्वनिक्षेपकाशिवाय त्याने सभा शांत केली, असे सांगतात. संगीतकार श्यामसुंदर यांनी त्याला 'गुल बलोच' या पंजाबी चित्रपटात गायला लावले. तो चित्रपट 1944 सालचा.

त्याच सुमारास रफी मुंबईला आले. भेंडीबाजारातील एका लहानशा खोलीत राहू लागले. मोठ्या पहाटे उठून रियाज करायचा आणि दिवसभर स्टुडिओंच्या दारांशी उभे राहायचे, असे ते दिवस होते. 1947 मध्ये देशाची फाळणी झाली. लाहोर सरहद्दीच्या पलीकडे गेले. रफी मुंबईतच राहिले. 1948 मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा राजेंद्र कृष्ण यांनी बापूंच्या जीवनावर एक दीर्घ गीत लिहिले. हुस्नलाल-भगतराम यांनी ते स्वरबद्ध केले आणि रफींनी गायले. पंतप्रधान नेहरूंनी त्यांना घरी बोलावून ते ऐकले आणि पुढे रौप्यपदक दिले. तेव्हा रफी अवघे 23 वर्षांचे होते.

1952 मध्ये 'बैजू बावरा' हा चित्रपट आला. त्यातील मालकंस रागातले भजन आजही पहाटे रेडिओवर लागते. शब्द शकील बदायुनी यांचे, संगीत नौशाद यांचे, आवाज रफींचा. तिघेही मुसलमान, तिघांचीही बैठक उर्दूची. भजनातील शब्दांचे उच्चार बिनचूक व्हावेत म्हणून नौशादांनी जाणकारांची मदत घेतली, असे सांगितले जाते. उच्चाराची काळजी रफींच्या गाण्यात तेव्हापासून दिसते.

तुमच्या आजोबांना विचारा, ती गाणी कुठे ऐकली. 1952 च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ बंद केली. ही गाणी हलकी आहेत, असे तेव्हाचे नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांचे मत होते. (मंत्र्यांची मते लोकांच्या कानांना बांधून ठेवत नाहीत.) लोकांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' ऐकायला हॉटेलांपुढे माणसे जमत. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा ही गाणी आपल्या नभोवाणीवर परत आली. बीड जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणजे आपला मुलूख मुंबईशी जोडला जाण्याआधीच मुंबईची गाणी हवेतून इथे पोचली होती. जुनी माणसे तो काळ आठवून हळवी होतात. जुने ते सगळे चांगले, असे मात्र नाही. त्या काळीही सुमार गाणी ढिगाने निघत. ती लोक विसरले, एवढेच.

रफी किती गाणी गायले? कोणी पंचवीस हजार सांगेल, कोणी त्याहून जास्त. तुम्ही विश्वास ठेवू नका. बारकाईने मोजणाऱ्यांच्या यादीत त्यांची हिंदी चित्रपटगीते सुमारे साडेचार हजार भरतात. हा आकडाही लहान नाही. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ते स्वभावाने नम्र होते. म्हणून त्यांचे प्रत्येक मत बरोबरच होते, असे समजू नका. गाण्याच्या विक्रीतील वाटा गायकालाही मिळावा, अशी मागणी लता मंगेशकर यांनी केली होती. ठरलेले पैसे घेतले की गायकाचे काम संपले, असे रफींचे म्हणणे पडले. यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेच थांबवले. आमच्या मते लताबाईंची बाजू न्याय्य होती. 2012 मध्ये देशाचा कायदा बदलला आणि गायकांचा हा हक्क मान्य झाला.

आता मराठीकडे वळू. 1970 च्या दशकात संगीतकार श्रीकांत ठाकरे यांनी रफींकडून मराठी गाणी गाऊन घ्यायचे ठरवले. श्रीकांतजी प्रबोधनकार ठाकरे यांचे पुत्र. व्हायोलिन वाजवीत, व्यंगचित्रे काढीत, आणि त्यांना उर्दूची चांगली जाण होती. गीते वंदना विटणकर यांची होती. रफी तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. नाव, पैसा, मान सगळे मिळालेले. नव्या भाषेत चुका करून हसे करून घ्यायची त्यांना काही गरज नव्हती. तरी ते शिकायला बसले.

इथे एक गंमत आहे. मराठीतले 'ण' आणि 'ळ' हे ध्वनी उर्दूत नाहीत. रफींची मायबोली मात्र पंजाबी. पंजाबीत हे दोन्ही ध्वनी आहेत. पाण्याला पंजाबी माणूसही पाणीच म्हणतो. अडचण होती ती चुलीच्या 'च'ची, कारण तो पंजाबीतही नाही आणि उर्दूतही नाही. तेव्हा गीतांतून तो 'च' शक्य तेवढा दूर ठेवण्यात आला, असे सांगतात. कवयित्रीने शब्द बदलले, संगीतकाराने उच्चार समजावले, गायकाने ते घोटले. गाणे असे तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतल्यावर तयार झाले.

त्यांतील एक भजन फार लोकप्रिय झाले. देव देवळात शोधू नकोस, तो तुझ्याच अंतरात आहे, असा त्याचा आशय आहे. दुसरे एक कोळीगीत. त्यात रफींसोबत पुष्पा पागधरे यांचा आवाज आहे. समुद्रात वादळ उठले आहे आणि पोरीला सावध केले जात आहे. कोळ्यांच्या बोलीत 'सांभाळ'चे 'संभाल' होते, म्हणजे तुमच्या उर्दूसारखेच! ही गाणी आज मोबाइलवर सहज सापडतात. एकदा लावा आणि डोळे मिटून ऐका. परकेपणा कुठे जाणवतो का, ते तुम्हीच ठरवा. आम्हाला एखाद्या ठिकाणी किंचित जाणवतो, आणि गाणे त्यामुळे गोडच वाटते.

31 जुलै 1980. रमजानचा महिना होता. त्या रात्री हृदयविकाराने रफींचे निधन झाले. वय अवघे 55. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे 'आसपास' या चित्रपटासाठी गाणे गायले होते. दुसऱ्या दिवशी मुंबईत धो धो पाऊस पडत होता. त्या पावसात हजारो माणसे जनाज्यामागे चालली. जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले.

त्या कब्रस्तानात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नव्या मयतांसाठी जुन्या कबरी सपाट करण्यात आल्या. 2010 मध्ये रफींच्या कबरीची खूणही अशीच गेली. तरी लोक येतात. जवळच्या एका नारळाच्या झाडावरून जागेचा अंदाज बांधतात, आणि तिथे उभे राहून फातिहा पढतात.