बाटलीवाला ते बॅरोनेट : जमशेटजी जीजीभाई

सुरतेहून मुंबईकडे येणाऱ्या महामार्गावर पलसाणा लागते. आज कापड रंगविणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेस नवसारी आणि वायव्येस, तापीपलीकडे, ओलपाड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेचे बंदर मावळतीला लागले होते आणि मुंबई उदयास येत होती. त्या काळात ओलपाडचे मेरवानजी नावाचे एक पारशी कापडव्यापारी पोटापाण्यासाठी मुंबईस गेले. त्यांच्या पोटी १५ जुलै १७८३ रोजी जन्मलेला मुलगा म्हणजे पुढे इंग्रज सरकारकडून ‘सर’ किताब मिळविणारा पहिला भारतीय, जमशेटजी जीजीभाई. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय ही नावे गोव्याच्या घराघरांत माहीत आहेत. त्या दोन अक्षरांमागचा माणूस मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

जमशेटजींचे बालपण नवसारीत गेले. घरची स्थिती बेताची होती आणि शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते झाले. १७९९ मध्ये आई व वडील दोघेही निवर्तले. सोळा वर्षांचा पोरका मुलगा मुंबईस मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयास आला. मामांचा व्यवसाय रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा विकण्याचा होता. विलायती मद्याबरोबर येणाऱ्या या बाटल्यांना, काच दुर्मीळ असलेल्या त्या काळात, चांगली मागणी असे. बाटल्या मोजणे, जमाखर्च ठेवणे आणि गिऱ्हाईक राखणे हेच जमशेटजींचे पहिले विद्यापीठ ठरले. या धंद्यावरून पडलेले ‘बाटलीवाला’ हे आडनाव त्यांनी स्वतःही काही काळ लावले. १८०३ मध्ये मामांची कन्या आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

दुकानाच्या चार भिंतींत मात्र हा तरुण रमला नाही. मुंबईहून चीनकडे कापूस व अफू घेऊन जाणारी गलबते त्यास खुणावत होती. प्रथम कलकत्ता आणि मग चीन, अशा त्याच्या सफरी सुरू झाल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ब्रन्सविक’ या जहाजावर विल्यम जार्डिन नावाच्या तरुण डॉक्टरशी त्याची ओळख झाली. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तेव्हा युद्ध पेटलेले होते. १८०५ मध्ये सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने हे जहाज पकडले आणि त्यावरील मंडळी केप ऑफ गुड होपला नेण्यात आली. माल गेला, पैसा गेला. परक्या किनाऱ्यावर दिवस काढल्यानंतर एका डेन्मार्कच्या जहाजातून जमशेटजी कसेबसे कलकत्त्यास पोहोचले. दुसरा कोणी असता तर त्याने समुद्राचे नाव टाकले असते. जमशेटजी पुन्हा चीनला गेले. जार्डिन यांची मैत्रीही टिकली, आणि पुढे त्यांनी उभारलेल्या ‘जार्डिन मॅथेसन’ या बलाढ्य पेढीचे मुंबईतील सर्वांत विश्वासू व्यापारी जमशेटजीच ठरले.

१८१४ मध्ये त्यांनी ‘गुड सक्सेस’ हे स्वतःचे पहिले जहाज घेतले आणि हळूहळू आणखी जहाजे जोडली. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरियु द फारिया हे गोमंतकीय ख्रिस्ती होते. धर्म व पंथ वेगळे असलेले चार व्यापारी एकमेकांच्या शब्दावर लाखोंचा माल समुद्रावर सोडीत, ही त्या मुंबईची खरी ओळख होती. हे फारिया गोव्याच्या इतिहासातही आढळतात. गोव्याचा कारभार हाती घेऊन १८३५ मध्ये अल्पावधीतच पदच्युत झालेले बेर्नार्दु पेरिश द सिल्व यांच्या पाठीशी मुंबईतून जे उभे राहिले, त्यांत ते प्रमुख होते.

या वैभवाचे मूळ अफूत होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. माळव्यात पिकणारी अफू कंपनीला आपल्या मुठीत हवी होती. तो पहारा चुकवून बराच माल सिंधमार्गे दमणला येई आणि तेथून पोर्तुगीज निशाणाखाली चीनकडे रवाना होई. पणजीच्या अमलाखालील ते छोटेसे बंदर काही दशके त्यामुळे गजबजले होते. पुढे कंपनीने कर आकारून मुंबईवाटे माल जाऊ दिला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांचे भाग्य आणखी फळफळले. चीनमध्ये मात्र ही अफू घरे उद्ध्वस्त करीत होती. बादशहाने तिच्यावर बंदी घातली होती आणि १८३९ मध्ये त्याच्या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यातून इंग्रजांनी चीनवर युद्ध लादले. ते १८४२ मध्ये चीनच्या पराभवाने संपले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला.

मिळविलेला पैसा त्यांनी कसा खर्च केला, हा त्यांच्या चरित्राचा दुसरा भाग आहे. १८२२ मध्ये थोड्याथोडक्या कर्जापायी मुंबईच्या तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचे देणे फेडून त्यांनी त्यांची सुटका केली. १८३४ मध्ये अमीचंद यांच्या घराण्याच्या साथीने जनावरांसाठी पांजरपोळ उभी केली. सरकारने गुरे चारण्यावर कर बसविला, तेव्हा त्यांनी ठाकुरद्वारजवळ समुद्रकाठची जमीन विकत घेऊन ती मोफत चरण्यासाठी खुली केली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरूनच पडल्याचे सांगतात. पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी त्यांनी मोठी रक्कम दिली आणि मुळा-मुठेवर बंधारा झाला. ‘सर’ किताबाच्या निमित्ताने चाहत्यांनी वर्गणी जमविली. तीतून स्वतःचा गौरव करवून न घेता त्यांनी चांगले ग्रंथ गुजरातीत आणण्यासाठी भाषांतर निधी स्थापिला.

सर्वांत मोठे काम रुग्णालयाचे होते. साथीचे आजार वारंवार येत आणि एतद्देशीय गरिबांसाठी धड इस्पितळ नव्हते. जमशेटजींनी सरकारपुढे निम्मा वाटा उचलण्याची तयारी दाखविली. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि औषधोपचार व वैद्यकशिक्षण एकाच आवारात नांदू लागले. १८४९ मध्ये गरीब पारशी मुलांसाठी शिक्षणसंस्था निघाली. तिच्या शाळा मुंबईबाहेर, त्यांच्या पूर्वजांच्या सुरत-नवसारीच्या मुलखातही पोहोचल्या. १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तिच्यासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले होते.

आवाबाई केवळ पतीच्या छायेत राहणाऱ्या नव्हत्या. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी लोक होड्यांतून ओलांडीत आणि पावसाळ्यात माणसे बुडून मरत. सेतू बांधण्यास सरकार पैसे देईना. तेव्हा आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये स्वतः दिले आणि ये-जा करणाऱ्यांकडून कधीही कर घेऊ नये, अशी अट घातली. तो माहीमचा सेतू आजही मुंबईची वाहतूक पेलतो आहे.

१८५७ मध्ये जमशेटजींना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. हाही मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. १४ एप्रिल १८५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांनी केलेले दान सुमारे २ लाख ३० हजार पौंड भरते, असा अंदाज आहे.

अशा आयुष्याचा हिशेब कसा मांडावा? ज्या व्यापाराने चीनमधील असंख्य संसार पोखरले, त्याच्याच नफ्यातून मुंबईतील असंख्य रोगी बरे झाले. दानामुळे पैशाचा उगम पुसला जात नाही, आणि उगम डागाळलेला म्हणून बरा होऊन घरी गेलेला रोगी खोटा ठरत नाही. चीनमध्ये बंदी असली तरी इंग्रजांच्या कायद्याने त्या काळी हा व्यापार मान्य होता, सरकार स्वतः त्यात होते आणि प्रतिष्ठित घराणी त्यात होती. एवढे म्हणून जमशेटजी सुटत नाहीत, पण ते एकटेच आरोपीही ठरत नाहीत. दमणच्या धक्क्यावरून सुटलेल्या गलबतांचा विचार केला, तर त्या हिशेबाच्या वहीत गोव्याचेही एक पान निघते.

दुसरे पान अधिक उजळ आहे. आंतोनियु शाविएर त्रिंदाद त्या कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा तेथे बंडखोरी शिकले. मडगावचे लक्ष्मण पै तेथून शिकून पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रिकाम्या बाटल्या मोजीत वाढलेल्या एका पोरक्या मुलाने दिलेल्या लाख रुपयांचे व्याज गोमंतकाच्या पदरात असे आजही पडत आहे.