औंधच्या राजाचा कित्ता

उद्योगधंदे आल्याशिवाय प्रांताची भरभराट होत नाही, हे आता कोणी नाकारीत नाही. वाद असतो तो ते आणावेत कसे आणि आलेले टिकवावेत कसे, याविषयी. लहान प्रांताजवळ ना मोठी बाजारपेठ असते, ना विपुल जमीन, ना दिल्लीदरबारी वजन. मग भांडवलवाल्याने तेथे यावे तरी कशासाठी? गोमंतकात हा विषय निघाला की परदेशांचे दाखले दिले जातात. आम्हाला मात्र घाटापलीकडच्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात. राजेरजवाड्यांचे कौतुक करण्याची आमची प्रकृती नव्हे. पण हा राजा निराळा होता.

भवानरावांचा जन्म १८६८ चा. ते पदवीधर होते आणि चित्रकलेत रमणारे होते. १९०९ साली ते गादीवर बसले. संस्थान ते केवढे? ७२ गावे आणि सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख, म्हणजे आजच्या गोव्याच्या साधारण एक तृतीयांश. तोही सलग नव्हता. सातारा जिल्ह्यात विखुरलेले तुकडे आणि एक तुकडा दूर विजापूरकडे. त्यातला बराचसा भाग अवर्षणाचा.

त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तयार करीत होते. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि कारखान्यावर बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली. लक्ष्मणरावांनी औंधला बांधकामाचे काम केले होते. त्यांचा हात आणि सचोटी भवानरावांनी जवळून पाहिली होती. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकालगतचा माळ देऊ केला आणि भांडवलासाठी कर्जाचीही सोय केली. तो माळ निवडुंगाने माजलेला आणि सापांनी भरलेला होता. परंतु माल बाहेर पाठवावयास रेल्वे दारात होती. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी ज्या नांगराकडे पाठ फिरवीत होते, तोच पुढे गावोगाव गेला. आज शतक उलटून गेल्यावरही तेथे पंप तयार होतात. १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखानाही याच संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ निघाला आणि त्याच्या प्रभाकर कंदिलांनी घरोघर उजेड दिला.

बेळगावने घालविले ते औंधने उचलले. त्यात नुसती सवलत नव्हती, माणसाची पारख होती. पडीक माळ, शेजारी रेल्वे आणि विनाविलंब निर्णय, एवढ्या शिदोरीवर एका दरिद्री संस्थानाने दोन नामांकित उद्योग मिळविले.

यावर कोणी म्हणेल की, राजाला कोण विचारणार? त्याने शब्द टाकला की काम झाले. लोकशाहीत तसे होत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली आणि कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर घातला. सूर्यनमस्काराचा प्रसार, औंधचे वस्तुसंग्रहालय, भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पाला साह्य, असे त्यांचे इतर व्यापही मोठे होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली भवानराव निवर्तले.

आमच्याकडे याच्या उलट घडत आले. केरीच्या नायलॉन प्रकल्पापायी १९९५ साली एका तरुणाचा बळी गेला आणि प्रकल्पही गेला. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जमिनी दिल्या गेल्या आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर २००७ च्या अखेरीस ती क्षेत्रे गुंडाळण्याची घोषणा सरकारला करावी लागली. दोन्ही वेळा निर्णय आधी झाला आणि गावाला कळले मागाहून. अशाने उद्योजकाचा विश्वास उडतो आणि गावकऱ्याचाही.

गुंतवणूकदारांपुढे सवलतींची यादी वाचण्यापूर्वी येणारा माणूस कोण, त्याने आजवर काय उभे केले, जमीन पडीक की पिकाऊ, पाणी कोणाचे आणि रोजगार कोणाला, हे सरकारने ग्रामसभेत उघडपणे सांगावे. गावाने होकार दिला की मग मात्र कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवू नयेत. औंधच्या राजाला ७२ गावांत जे साधले, ते लोकनियुक्त सरकारला गोव्यात साधू नये, असे मानण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.