कै. नारायण मल्हार जोशी व बाळंतपणाचा भत्ता

कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा विषय निघाला म्हणजे आठवडे किती व रुपये किती, एवढ्यावरच वाद होतो. तो भत्ता कोणत्या स्त्रीस मिळावयाचा व कोणतीस नाही, हे कायद्यातील ज्या एका ओळीने ठरते तिजकडे फारसे कोणी पाहत नाही. म्हणून ज्या गृहस्थांनी हा प्रश्न हिंदुस्थानच्या मध्यवर्ती विधिमंडळापुढे नेला, त्या कै. नारायण मल्हार जोशी यांच्या चरित्राचे आज आम्ही स्मरण करीत आहो.

जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यास शिक्षण, काही वर्षे शिक्षकाचा पेशा, व १९०९ साली नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली व रात्रीच्या शाळा आणि वाचनालये यांच्या मार्गाने ते कामकरी वस्तीत शिरले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तीस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवडे विश्रांती आणि त्या मुदतीत निर्वाहापुरते द्रव्य, असा करार त्या परिषदेने केला.

१९२४ साली जोशी यांनी कारखाने, खाणी व आसामचे मळे यांतील स्त्रियांसाठी विधेयक मांडिले. ते स्वतः सरकारनियुक्त सभासद. तथापि सरकारनेच विरोध केला व विधेयक नामंजूर झाले. पुढे मुंबई इलाख्याने १९२९ साली व मध्यप्रांताने १९३० साली असे कायदे केले, परंतु भत्त्याचा भार एकट्या मालकावर ठेविला. आमच्या व्यापारी वाचकांस यातील मेख सांगावयास नको. खर्च एकाच खात्यावर पडला की तो टाळण्याची बुद्धी होते, आणि पोट दिसू लागताच बाईस कामावरून दूर करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. जोशी ज्याचे सभासद होते त्या व्हिटले कमिशनने १९३१ साली सामाजिक विम्याची योजना झाल्यास प्रसूतिभत्ता तीत घालावा व मग खर्च सरकार, मालक आणि कामगार यांनी वाटून घ्यावा, असे सुचविले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात तो आला. १९५५ साली जोशी निवर्तले.

पात्रतेची अट मात्र सुटली नाही. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम मागितले. १९८८ साली ते ८० वर आणिले, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ८० च ठेविले. अट मुळीच नसावी असे आम्ही म्हणत नाही. वर्गणीवाचून विमा चालत नाही. परंतु हे बारा महिने कोणते? त्यांपैकी नऊ महिने ती स्त्री गर्भार असते. ज्या वर्षी तिच्याने सर्वांत कमी काम होते, नेमके तेच वर्ष मोजावयास घेतले आहे. पगारी नोकरीतील बाईस ही अट जाणवतही नाही; बदलीवर वा कंत्राटदाराकडे राबणारीचे दिवस मात्र कोणाच्या वहीत सापडावयाचे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते.