रोजकीर्दीत न चढणारे हातउसने

होमी भाभा म्हटले की आपल्याला ट्रॉम्बेची अणुभट्टी आठवते आणि पाठोपाठ तो विमान अपघात. परंतु जगातल्या प्रयोगशाळांतून त्यांचे नाव आजही घेतले जाते ते अणुभट्टीमुळे नव्हे, तर पंचविशीत केलेल्या एका गणितामुळे.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९ चा. घर पारशी, सधन. वडील जहांगीरजी वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. होमीने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. १९२७ साली मुलगा तिकडे गेला, आणि फार दिवस झाले नाहीत तोच त्याने वडिलांना पत्र लिहून कळवले की आपला जीव यंत्रांत रमत नाही, पदार्थविज्ञानच करायचे आहे. मी साखरखेर्ड्याचा. मुलाला इंजिनिअर करण्यासाठी वावर गहाण टाकणारे बाप आमच्या भागात कमी नाहीत. असे पत्र त्यांच्या घरी आले असते तर काय गहजब झाला असता, याची मला कल्पना आहे. जहांगीरजींनी वकिली तोडगा काढला: आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणिताचा खर्च मी करीन. १९३० साली पहिला वर्ग आला. वडिलांनी शब्द पाळला. भाभांच्या चरित्रात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

१९३२ साली अमेरिकेत अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. हा इलेक्ट्रॉनचा जणू जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. हे दोघे समोरासमोर आले तर काय होईल, याचा हिशेब भाभांनी १९३५ साली मांडला. एक शक्यता अशी की दोघे आपापसांत प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची, देवघेव करून वाट बदलतील. दुसरी अशी की दोघे एकमेकांना संपवतील, त्यातून फोटॉन होईल आणि त्या फोटॉनमधून पुन्हा नवी जोडी निघेल. यांतले नेमके काय घडले, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून दोन्ही वाटा एकत्रच हिशेबात धराव्या लागतात, आणि भाभांनी त्या धरल्या.

हा मधला फोटॉन कोणत्याही यंत्रात पकडला जात नाही, म्हणून त्याला आभासी म्हणतात. हा शब्द आणि त्याची चित्रे पुढे फाइनमन यांच्या काळात रूढ झाली. भाभांची वाट डिरॅक यांच्या समीकरणांची होती. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला ते असे समजते: सकाळी घेतलेले आणि दुपारी फेडलेले हातउसने रोजकीर्दीत चढत नाही, पण त्यावर झालेला सौदा मात्र खरा असतो. उपमा ढोबळ आहे, भौतिकीवाल्यांनी माफ करावे.

याहून नवलाची गोष्ट पोकळीची. इलेक्ट्रॉनभोवतीची रिकामी जागा अगदी रिकामी नसते. तिथे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या आभासी जोड्या असतात. त्यांतला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनकडे झुकतो, दुसरा दूर सरतो आणि त्यामुळे भारावर एक पडदा पडतो. याला पोकळीचे ध्रुवीकरण म्हणतात. लांबून पाहिले तर भार कमी भासतो. जवळ जावे तसा वाढतो. विद्युतशक्तीचा जोर सांगणारा आकडा लांबून सुमारे १/१३७ येतो, तो फार जवळून सुमारे १/१२९ होतो.

१९३९ साली भाभा सुटीवर आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरला रामन यांच्या संस्थेत काही वर्षे, मग १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली अणुऊर्जा आयोग, १९५६ साली 'अप्सरा'. संस्था उभ्या राहत गेल्या, स्वतःची गणिते मागे पडली. देशाला अणुशक्ती मिळाली हे खरेच. तरी फायलींत आयुष्य घालवलेल्या माणसाला विचाराल तर असा गणिती फायलींना द्यावा लागला, याची मला हळहळ वाटते. चित्रे काढणे मात्र त्यांनी सोडले नाही. लग्न केले नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरू पाहणारे एअर इंडियाचे 'कांचनगंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण होते, कोणीही वाचले नाही. भाभा छप्पन्न वर्षांचे होते.

त्याच जिनिव्हाजवळ १९८९ ते २००० या काळात सर्न संस्थेचे २७ किलोमीटर घेराचे यंत्र भुयारात चालले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवायचे, हेच त्याचे काम. टकरी किती झाल्या हे मोजायला बाजारातल्या मापाऱ्याच्या पायलीसारखे एक खात्रीचे माप हवे होते, आणि ते भाभांच्या गणिताने पुरवले. त्या प्रकाराला 'भाभा स्कॅटरिंग' असेच म्हणतात. अगदी लहान कोनात वळलेले कण मोजायचे आणि त्यावरून एकूण टकरींचा अंदाज बांधायचा. पुढे त्याच नोंदी बारकाईने तपासल्यावर त्यांत पोकळीचा पडदाही दिसला. कण जितके जवळ गेले होते, तितका विद्युतभाराचा जोर वाढलेला होता.