जेन ऑस्टिनची खाडाखोड

मुलांनो, गेल्या महिन्यात बाईंनी निबंध परत दिले आणि ते दुरुस्त करून पुन्हा लिहून आणायला सांगितले, तेव्हा वर्गात झालेली कुरकुर आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकली. एकदा लिहून संपले ते पुन्हा कशाला लिहायचे, असा तुमचा सवाल होता. आम्ही संगणकाच्या क्षेत्रातले. आमचे अर्धे आयुष्य स्वतःच लिहिलेले दुरुस्त करण्यात गेले आहे. पण आमची कहाणी कंटाळवाणी आहे. त्यापेक्षा आईबाबांकडून दहा पौंडांची नोट मागून घ्या (बघून झाल्यावर परत करा!). २०१७ मध्ये निघालेल्या ह्या नोटेवर एका बाईंचे चित्र आहे. त्या म्हणजे जेन ऑस्टिन.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी हॅम्पशायरमधल्या स्टीव्हंटन गावी झाला. वडील तिथले धर्मगुरू. घरात आठ भावंडे, जेन सातवी. थोरली बहीण कॅसांड्रा ही तिची जिवाभावाची मैत्रीण. लिहिलेले सगळे घरात मोठ्याने वाचून दाखवायचे अशी पद्धत होती. विसाव्या वर्षी तिने एक कादंबरी लिहायला घेतली आणि वर्षभरात पुरी केली. १७९७ च्या नोव्हेंबरात वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र पाठवून विचारले. त्याने हस्तलिखित पाहिलेसुद्धा नाही, उलट टपाली नकार आला.

१८०३ मध्ये दुसरी एक कादंबरी एका प्रकाशकाने विकत घेतली. किंमत किती? दहा पौंड! त्याने जाहिरात केली, पण पुस्तक काही छापले नाही. १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर दिवस काढू लागल्या. १८०९ मध्ये जेनने खोटे नाव घेऊन त्या प्रकाशकाला पत्र लिहिले, की छापणार नसाल तर आम्ही दुसरीकडे छापू. उत्तर आले, की दुसरीकडे छापलीत तर कायदेशीर कारवाई करू, हवी असेल तर दहा पौंड देऊन परत घ्या. तेव्हा तिने ती घेतली नाही.

त्याच वर्षी एका भावाने चॉटन गावातले घर राहायला दिले. हे घर आता संग्रहालय आहे. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. जेनचे म्हणून दाखवतात ते टेबल इतके लहान, की आमच्या मुलाला ते चहाचे ताट ठेवायचे वाटले. त्यावर ती छोट्या कागदांवर लिहीत असे. कागद महाग, त्यामुळे ओळींना ओळी खेटून. मग मध्ये काही घालायचे झाले तर? तिने बाथ शहरात असताना लिहायला घेऊन अर्धवट सोडलेल्या एका कादंबरीची पाने ऑक्सफर्डला जपून ठेवलेली आहेत. त्यांत नवा मजकूर वेगळ्या तुकड्यावर लिहून तो तुकडा टाचणीने पानाला टोचलेला आहे. आम्ही दिवसातून शंभर वेळा कट-पेस्ट करतो, पण हातात टाचणी धरून कधी केलेले नाही.

चॉटनला तिने जुनी हस्तलिखिते बाहेर काढली. पत्रांच्या रूपात लिहिलेली एक कथा आधीच साध्या निवेदनात बदललेली होती. ती आणखी सुधारून १८११ मध्ये स्वतःच्या जोखमीवर छापली. हीच सेन्स अँड सेन्सिबिलिटी. लेखिकेच्या नावाच्या जागी फक्त एक स्त्री एवढेच होते. मग नाकारलेल्या कादंबरीची पाळी आली. तिचे मूळ नाव दुसऱ्या कोणीतरी वापरून टाकले होते, म्हणून नवे नाव दिले, आणि मजकुरावर चांगली कात्री चालवली. १८१३ च्या जानेवारीत ती प्राइड अँड प्रेज्युडिस म्हणून बाहेर आली. सोळा वर्षांपूर्वी प्रकाशकाने घेतली असती, तर आज आपण वाचतो ते पुस्तक झालेच नसते, असे आम्हांला वाटते.

आता पर्सुएजनची गोष्ट. अ‍ॅनने आईच्या मैत्रिणीच्या सल्ल्यावरून आठ वर्षांपूर्वी वेंटवर्थ नावाच्या नौदल अधिकाऱ्याशी ठरलेले लग्न मोडलेले असते, आणि आता तो परत येतो. १८ जुलै १८१६ रोजी जेनने शेवटच्या पानावर समाप्त लिहून तारीख घातली. त्या शेवटात एक वृद्ध अ‍ॅडमिरल वेंटवर्थला अ‍ॅनकडे पाठवतो: चुलतभावाशी लग्न करणार का, एवढे विचार. ती नाही म्हणते आणि सगळे जुळते. अ‍ॅनच्या वाट्याला नाही म्हणण्यापलीकडे फारसे काही येत नाही.

जेनची तब्येत तेव्हा बिघडू लागली होती. तशीच छापायला दिली असती तर कोणी दोष दिला नसता. पण तिला तो शेवट पटेना. पुतण्याने पुढे लिहिले आहे, की त्या रात्री ती खिन्न होऊन झोपली आणि सकाळी ताज्या मनाने कामाला बसली. शेवटून दुसरे प्रकरण जवळजवळ पूर्ण काढून त्या जागी तिने दोन नवी लिहिली. आता खोलीत वेंटवर्थ टेबलाशी पत्र लिहीत बसला आहे. खिडकीपाशी अ‍ॅन त्याच्या मित्राशी बोलते आहे: कोणाचे प्रेम जास्त टिकते, पुरुषांचे की स्त्रियांचे? ऐकता ऐकता त्याच्या हातून लेखणी पडते. मग तो तिथेच, तिचे बोलणे कानावर येत असताना, तिला पत्र लिहितो. कादंबरीभर दुसऱ्यांचे ऐकून घेणारी अ‍ॅन इथे प्रथमच आपले मन बोलते. हे सगळे ६ ऑगस्टला पुरे झाले. वाचकांना आज सर्वांत लाडका असलेला हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हताच!

त्याच वर्षी भाऊ हेन्रीने दहा पौंड भरून ती अडकलेली कादंबरीही सोडवून आणली. प्राइड अँड प्रेज्युडिसची लेखिका हीच, हे प्रकाशकाला त्याने पैसे दिल्यावरच सांगितले, अशी घरातली आठवण आहे.

१८ जुलै १८१७ रोजी, समाप्त लिहिल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, जेन विंचेस्टरला वारली. वय ४१. डिसेंबरात भावाबहिणीने नॉर्थेंगर अ‍ॅबी (दहा पौंडांची ती हीच) आणि पर्सुएजन एकत्र छापल्या, आणि हेन्रीने लेखिकेचे नाव प्रथमच जाहीर केले.

तिच्या सहा पुऱ्या कादंबऱ्या छापून झाल्या, पण त्यांची हस्तलिखिते राहिली नाहीत. राहिली ती फक्त पर्सुएजनची पहिल्या खर्ड्यातली शेवटची दोन प्रकरणे, जी तिने बदलली. ब्रिटिश लायब्ररीत ती आहेत, काट मारलेल्या ओळींसकट, आणि खाली समाप्त व तारीख.