रॉकनीचा सगळ्यात वाईट सीझन

आपली टीम हरायला लागली की आपण काय करतो? आधी कॅप्टनला शिव्या घालतो, मग कोचला, आणि शेवटी सगळी टीमच बदला म्हणून मोकळे होतो. 1928 मध्ये अमेरिकेतल्या नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या चाहत्यांवर अशीच वेळ आली होती. त्यांचा कोच होता नूट रॉकनी. त्याने आधीच्या दहा सीझनमध्ये मिळून फक्त 8 मॅच गमावल्या होत्या. त्या एका सीझनमध्ये तो 4 हरला.

आता तुम्ही विचाराल, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलशी आपलं काय देणंघेणं? पण जरा थांबा, माणूस इंटरेस्टिंग आहे.

रॉकनी मुळात अमेरिकन नव्हताच. 4 मार्च 1888 ला नॉर्वेमधल्या व्हॉस गावी त्याचा जन्म झाला. वडील घोडागाड्या बनवायचे. 1893 मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यानिमित्ताने ते तिकडे गेले आणि मागोमाग कुटुंबही गेलं. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे शाळा झाल्यावर हा शिकागोच्या पोस्टात कामाला लागला. साधारण चार वर्षं टपाल छाटलं, पैसे साठवले, आणि कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा वय होतं 22. आपण ज्या वयात डिग्री घेऊन बाहेर पडतो आणि पुढे काय म्हणून घाबरतो, त्या वयात तो फर्स्ट इयरला बसला! विषय केमिस्ट्री. अभ्यासात इतका हुशार की पुढे तिथल्याच लॅबमध्ये शिकवायला लागला.

1913 च्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा मित्र गस डोराय ओहायोमधल्या सीडर पॉइंट या पर्यटनस्थळी नोकरी करत होते. फावल्या वेळात दोघं तिथल्या किनाऱ्यावर एकच गोष्ट घोटायचे. डोराय लांबून चेंडू फेकणार आणि रॉकनी पळत पळत तो झेलणार. 1 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला बलाढ्य आर्मीच्या टीमसमोर त्यांनी तेच केलं आणि नोटर डेम 35-13 जिंकलं. फॉरवर्ड पास रॉकनीने शोधला असं कुठे वाचलंत तर विश्वास ठेवू नका. तो 1906 पासूनच नियमात होता. पण अनोळखी छोटं कॉलेज त्याच्या जोरावर आर्मीला लोळवू शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

त्या मॅचमध्ये डोराय होता क्वार्टरबॅक. हा शब्द नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून, धडका देत पुढे सरकायचा खेळ. प्रत्येक वेळी कोणती चाल खेळायची हे क्वार्टरबॅक सांगतो. हल्ली कोच बाहेरून चाली पाठवतो, पण तेव्हा मैदानाबाहेरून कोचिंग करायलाच बंदी होती. बदली खेळाडू आत गेला तरी पहिली चाल होईपर्यंत त्याने इतरांशी बोलायचं नाही, इतका कडक नियम. म्हणजे मॅच सुरू झाली की कोचचे हात बांधलेले. त्याच्या हातात एकच गोष्ट उरायची : क्वार्टरबॅक कोण, हे आधी ठरवणं.

रॉकनी 1918 मध्ये हेड कोच झाला आणि 1919 व 1920 अशी दोन वर्षं टीम हरलीच नाही. त्या टीमचा हिरो जॉर्ज गिप. बेसबॉल खेळायला आलेला, लेक्चरला फारसा न फिरकणारा, पण मैदानात जादूगार. 1920 चा सीझन संपता संपता त्याच्या घशाला संसर्ग झाला, पुढे न्यूमोनिया. पेनिसिलिन अजून सापडायचं होतं. 14 डिसेंबरला गिप गेला, वयाच्या 25 व्या वर्षी. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

1922 मध्ये खरी कसोटी लागली. टीममध्ये फ्रँक थॉमस हा शेवटच्या वर्षातला अनुभवी क्वार्टरबॅक होता. रॉकनीने मात्र सीझन संपेपर्यंत हॅरी स्टुलड्रेहर या सेकंड इयरच्या बुटक्या पोराला पुढे आणलं. त्यात नोव्हेंबरमध्ये फुलबॅक पॉल कॅस्टनरच्या कंबरेचं हाड मोडलं, म्हणून एल्मर लेडनला त्याच्या जागी सरकवलं. जिम क्राउली आणि डॉन मिलर होतेच. अशी अर्धी ठरवून, अर्धी नाइलाजाने बनलेली ही चौकडी पुढे ‘फोर हॉर्समेन’ म्हणून अजरामर झाली. तीन सीझनमध्ये ते फक्त दोनदा हरले, दोन्ही वेळा नेब्रास्काकडून. 1924 ला सगळ्या 10 मॅच जिंकल्या आणि त्यातली शेवटची, 1 जानेवारी 1925 ची, थेट रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध 27-10 अशी. आणि हो, ज्याच्या पुढे स्टुलड्रेहर गेला तो थॉमस पुढे अलाबामाचा नामांकित कोच झाला. बेंचवर बसणाऱ्याची गोष्ट तिथेच संपते असं नाही.

1924 मध्ये रॉकनीची आणखी एक युक्ती होती. मॅच सुरू करायला तो बऱ्याचदा दुसरी फळी पाठवायचा. समोरची टीम त्यांच्याशी झुंजून दमली की मग हॉर्समेन मैदानात. विचार करा, तुम्ही तिकीट काढून गेलात आणि तुमचे आवडते चौघं बाहेर बसलेत!

तिकीट काढणारे हे लोक कोण होते, तेही बघायला हवं. नोटर डेम हे कॅथलिक कॉलेज. तेव्हा आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक मजुरांना अमेरिकेत कमी लेखलं जायचं. 1924 च्या मे महिन्यात कु क्लक्स क्लॅनने कॉलेजच्या गावात, साउथ बेंडमध्ये मेळावा भरवला आणि विद्यार्थ्यांशी रस्त्यात मारामाऱ्या झाल्या. न्यूयॉर्कच्या हजारो कामगारांनी कॉलेज नावाची गोष्ट आतून कधी पाहिली नव्हती, पण नोटर डेम आर्मीशी खेळायला आलं की ते सबवेने मैदान गाठायचे. त्यांना नावच पडलं ‘सबवे अ‍ॅल्युम्नाय’, म्हणजे सबवेवाले माजी विद्यार्थी. त्यांच्यासाठी टीम हरणं म्हणजे सोमवारी कामावर टोमणे ऐकणं. गंमत म्हणजे त्यांचा लाडका रॉकनी स्वतः लुथरन होता, कॅथलिक झाला तो 1925 मध्ये.

या चाहत्यांना त्याने एकदा मोठा दगाही दिला होता. 1926 मध्ये टीम एकही मॅच हरली नव्हती. कार्नेगी टेक म्हणजे सोपा पेपर, असं समजून रॉकनीने टीम हंक अँडरसन या असिस्टंटकडे सोपवली आणि स्वतः शिकागोला आर्मी-नेव्ही मॅच बघायला गेला. इकडे नोटर डेम 19-0 हरलं. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. 1928 च्या हारांपेक्षाही.

कारण 1928 मध्ये निदान कारणं होती. जुने भरवशाचे खेळाडू गेले होते, उरलेल्यांपैकी बरेच दुखापतग्रस्त. विस्कॉन्सिन आणि जॉर्जिया टेककडून हरून झालं होतं आणि 10 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर समोर उभी होती तोवर एकही मॅच न हरलेली आर्मी. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये रॉकनीने आठ वर्षांपूर्वी गेलेल्या गिपची गोष्ट काढली. मरताना गिपने त्याला म्हणे सांगितलं होतं की टीम अगदी अडचणीत सापडली की एक मॅच माझ्यासाठी जिंकायला सांग. पोरं पेटून उठली. आर्मीने आधी आघाडी घेतली, जॅक शेव्हिनीने बरोबरी केली. मग जॉनी ओब्रायन नावाचा बदली खेळाडू आत आला, त्याने जॉनी नीमिएकचा लांबचा पास पकडला आणि निर्णायक गुण मिळवले. मॅच संपली तेव्हा आर्मी गोल लाइनपासून जेमतेम एक यार्डावर होती. 12-6.

आता प्रश्न असा की गिप खरंच तसं म्हणाला होता का? ते ऐकल्याचं रॉकनीखेरीज कुणीच सांगितलं नाही आणि अनेक अभ्यासकांना शंका आहे. रॉकनीचा रेकॉर्डही फार स्वच्छ नाही. 1922 मध्ये जॉर्जिया टेकच्या मॅचआधी त्याने आपला लहान मुलगा हॉस्पिटलमध्ये असल्याची तार टीमला वाचून दाखवली होती. टीम जिंकून परतली तर स्टेशनवर चिरंजीव ठणठणीत उभे! मुलाची थाप एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण मेलेल्या पोराच्या तोंडी वाक्य घालणं, तेही ड्रेसिंग रूममधल्या विशीतल्या मुलांसमोर, मला नाही पटत. जिंकलो म्हणून सगळे विसरले, इतकंच.

विसरले तेही आठवडाभरच. पुढच्याच शनिवारी कार्नेगी टेकने घरच्या मैदानावर 27-7 ने धुतलं. नोटर डेम 1905 नंतर पहिल्यांदा घरी हरलं होतं. मग शेवटच्या मॅचला सदर्न कॅलिफोर्नियानेही हरवलं. 5 विजय, 4 पराभव.

इथे दुसरा कोच असता तर? रॉकनीला मात्र पुढचं वर्ष मिळालं. 1929 मध्ये कॉलेजचं नवं स्टेडियम बांधलं जात होतं, त्यामुळे घरी एकही मॅच नाही. त्यात रॉकनीच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली, डॉक्टरांनी झोपवून ठेवलं. काही मॅचना तो हजरच नव्हता, काहींना व्हीलचेअरवरून आला. मैदानात टीम फ्रँक कॅरिडिओ या क्वार्टरबॅकच्या हाती होती, आणि कोच आजारी असताना पुढची चाल ठरवणारा डोकेबाज माणूस आत असणं काय असतं ते तेव्हा दिसलं. 9 पैकी 9 जिंकल्या. 1930 ला नवं स्टेडियम उघडलं, कॅरिडिओच क्वार्टरबॅक, 10 पैकी 10.

31 मार्च 1931 ला रॉकनी एका सिनेमाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅन्ससमधल्या बाझार गावाजवळ विमानाचा लाकडी पंख तुटला. आठही जण गेले. रॉकनी 43 वर्षांचा होता. लाकडी पंखांच्या विमानांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि कंपन्या पूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. त्याच्या नावावर 105 विजय, 12 पराभव आणि 5 बरोबरी राहिल्या.

टीम आली हंक अँडरसनकडे. तोच, 1926 च्या कार्नेगी मॅचवाला. कॅरिडिओही कॉलेज संपवून गेला होता. नोव्हेंबर 1931 मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने शेवटच्या क्वार्टरमध्ये 16 गुण काढून 16-14 असं हरवलं. 1928 नंतर नोटर डेम पहिल्यांदाच हरलं होतं. 1933 मध्ये तर विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. एका वाईट सीझनची सूट रॉकनीला मिळाली होती, अँडरसनला नाही मिळाली. 1934 मध्ये कोच म्हणून एल्मर लेडनला बोलावलं, जो एके काळी मोडक्या कॅस्टनरच्या जागी उभा राहिला होता.