जॉन आयझॅक थॉर्नीक्रॉफ्ट

सर जॉन आयझॅक थॉर्नीक्रॉफ्ट (१ फेब्रुवारी, इ.स. १८४३:रोम, इटली - २८ जून, इ.स. १९२८:बेंब्रिज, आयल ऑफ वाइट) हे इंग्लिश नौकारचनाकार होते. त्यांचे आई-वडील शिल्पकार होते. थेम्स नदीकाठी चिझिक येथे त्यांनी बोटींचा कारखाना काढला. तेथे बांधलेली 'लाइटनिंग' ही टॉर्पेडो बोट इ.स. १८७७ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झाली.

पुरेसा वेग आला की पाणी बोटीचे बूड वर उचलते. बोट पाणी कापण्याऐवजी त्यावरून सरकू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. मुंबईतील गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या स्पीडबोटी अशाच धावतात. बोट जड भरली की मात्र नाळ वर चढते, मागचा भाग पाण्यात रुततो आणि तो वेग गाठणेच अवघड होते. थॉर्नीक्रॉफ्ट यांनी सरकत्या बुडाची कल्पना १८७० च्या दशकातच मांडली होती. वाफेच्या जड यंत्रांमुळे ती मागे पडली. पेट्रोल इंजिन आल्यावर, इ.स. १९१० मध्ये, बुडाला एक पायरी असलेली त्यांची २६ फुटी 'मिरांडा ४' ३५ नॉट वेगाने धावली. अशा बोटींच्या नमुन्यांच्या चाचण्या बेंब्रिजच्या राहत्या घरातील तळ्यात होत. त्या कामात कन्या ब्लँश यांचा मोठा वाटा होता.

खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. टॉर्पेडो व इंधनासह बोटीचे वजन सव्वाचार टनांच्या आत आणि वेग किमान ३० नॉट, अशी आरमाराची अट होती. त्यांच्या कंपनीच्या ४० फुटी बोटीत टॉर्पेडो मागच्या खाचेत असे. तो शेपटीकडून पाण्यात ढकलला जाई आणि त्याच दिशेने येणाऱ्या त्याच्या वाटेतून बोट तत्काळ बाजूला वळे. जून १९१९ मध्ये अशाच एका बोटीने क्रॉनश्टाटजवळ 'ओलेग' ही रशियन क्रूझर बुडवली.